मिंबरावर सांगितलेली गोष्ट

इमामसाहेबांचं बोलणं लोकांना आवडत नव्हतं असं नाही. लोकांना ते ऐकूच जात नव्हतं. आवाज चांगला होता, माइकही नवा होता. पण शुक्रवारी ते मिंबराच्या, प्रवचनासाठीच्या चौथऱ्याच्या, लाकडी पायरीवर उभे राहिले आणि बोलायला लागले, की पहिल्या रांगेतले म्हातारे माना खाली घालत. त्याला कुणी नम्रता म्हटलं असतं, पण त्यातल्या एक-दोघांचं घोरणं माइकमधून सगळ्यांना ऐकू येई. मागच्या रांगांत मांडीआड मोबाइल उजळत. टायरच्या, भांड्यांच्या, नळांच्या दुकानांतून माणसं अर्धं शटर ओढून आलेली असत आणि अर्धं मन त्या शटरखालीच अडकलेलं असे. मशीद बेकरीच्या वरच्या मजल्यावर. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेच्या, वेळेला खालून गरम पावाचा वास वर येई आणि लोकांचं उरलंसुरलं लक्ष तो घेऊन जाई.

रीत ठरलेली होती. आधी आपल्या भाषेत बयान करायचं, मग अरबीतला खुतबा वाचायचा, मग नमाज. खुतबा आणि नमाज यात इमामसाहेब कुठेच कमी पडत नसत. घोडं अडायचं ते बयानापाशी.

मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, प्लायवूडचे व्यापारी होते. माणूस मनाचा भला, पण बोलणं करवतीसारखं. एकदा नमाज संपल्यावर त्यांनी इमामसाहेबांना जिन्यातच गाठलं.

"राग मानू नका, इमामसाहेब. पण नमाजेआधी हातपाय कसे धुवायचे, वजू कशी करायची ते आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. जरा काळजाला हात घालेल असं बोला की. त्या डेपोजवळच्या मशिदीत बघा, लोक डोळे पुसत बाहेर येतात. आपली तरणी पोरं आता तिकडेच जायला लागलीत."

"लोकांना रडवायला मी काय कांदा आहे?" इमामसाहेब हसत म्हणाले.

सदर मोठ्याने हसले आणि निघून गेले. इमामसाहेबही हसले, पण सदरांचं ते बोलणं त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढच्या जुम्म्यासाठी त्यांनी विषय निवडला, आईवडिलांचा हक्क. गुरुवारी दुपारच्या असरच्या नमाजेनंतर ते घरातल्या खिडकीपाशी बसले. काय सांगायचं ते त्यांना माहीत होतं, आणि लोकांनाही माहीत होतं, हीच तर अडचण होती. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते पुन्हा सांगितलं, की माणूस मान डोलावतो आणि तसाच उठून जातो. एखादी खरी गोष्ट हवी होती. ताजी, इथलीच, अंगावर येणारी.

तशी एक गोष्ट त्यांच्याकडे होती. पण ती त्यांची नव्हती.

बाजाराच्या टोकाला शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. सगळे त्याला मशीनवाला म्हणत. त्याचे वडील याच धंद्यात म्हातारे झाले होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांची आठवण विरत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा रस्ता गेला. राहिला तो एकच प्रश्न: "तेल घातलंस का?" रस्त्यात भेटेल त्याला ते हेच विचारत. बेकरीवाल्याला, वाहतूक पोलिसाला, एकदा तर जनाजा खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसांना. पोरांनी त्यांचं नाव तेलचाचा पाडलं होतं. ते वारले तेव्हा सगळा बाजार हळहळला. झोपेत गेले, असं मशीनवाल्याने सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, त्रास न होता सुटला.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका पहाटे फजरची नमाज झाल्यावर मशीनवाला उठला नाही. बाकीचे गेले, अजान देणाऱ्या मुअज्जिनने पंखे बंद केले, तरी हा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. इमामसाहेब त्याला शेजारच्या, मुलं शिकतात त्या खोलीत घेऊन गेले.

"अब्बा झोपेत नाही गेले," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. वडील दिवसातून वीस-वीस फोन करायचे. एकच प्रश्न विचारायला. त्या संध्याकाळी तो एका कारखान्यात मशीन बसवत होता, मालक डोक्यावर उभा होता. फोन थरथरला. त्याने उचलला नाही. पुन्हा थरथरला. त्याने तो उलटा करून ठेवला. घरी पोचला तेव्हा वडील न्हाणीच्या दारात पडलेले होते. फोन हातात होता.

"ते पडल्यावर फोन करत होते की पडायच्या आधी, ते मला कळलं नाही," तो म्हणाला. "कधी कळणारही नाही. हे मी कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, माझ्या बहिणीला, आपाला नाही. आपाला तर नाहीच. ती अब्बांची लाडकी. तिला सांगायचंय मला, पण तोंड उघडत नाही."

इमामसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला होता. त्या दिवशी त्यांना योग्य ते शब्द सुचले होते. फोन न उचलणं म्हणजे जीव घेणं नाही, असं ते म्हणाले होते. निघताना मशीनवाला उंबऱ्यात थांबला होता. इमामसाहेबांनी त्याने न विचारताच सांगितलं होतं, "हे माझ्याजवळच राहील."

गुरुवारी खिडकीपाशी बसल्या बसल्या त्यांना हे वाक्यही आठवलं. पण माणसाला जे करायचं असतं त्यासाठी कारण सापडतंच. बापाऐवजी आई करू, त्यांनी स्वतःला सांगितलं. शिवणयंत्राचा कारखाना काढून टाकू, पिठाची गिरणी घालू. लांबच्या शहरातली गोष्ट म्हणून सांगू. कुणाला काय कळणार? उलट चार जणांचे डोळे उघडतील, चार म्हाताऱ्यांचे फोन उचलले जातील. तेलाचं तेवढं सांगायचं नाही.

शुक्रवारी ते मिंबरावर उभे राहिले. सुरुवात नेहमीसारखी झाली. पहिली रांग पेंगायला लागली, मागे उजेड चमकू लागले. मग ते म्हणाले, "एका शहरात एक मुलगा होता. त्याच्या आईला विसरायचा आजार झाला होता."

उजेड एक एक करून विझले. एका म्हाताऱ्याने मान वर केली. इमामसाहेब बोलत गेले. गिरणीचा घरघराट, पिठाने पांढरे झालेले मुलाचे हात, खिशात थरथरणारा फोन. बोलता बोलता त्यांना जाणवलं, की आपल्याला सगळे ऐकताहेत. इतकी वर्षं ते या जागी उभे राहत होते, पण अशी शांतता त्यांनी कधी अनुभवली नव्हती. पंख्यांचासुद्धा आवाज येईनासा झाला. आपण थांबलो तर लोकांचा श्वास थांबेल असं त्यांना वाटलं.

"मुलाने फोन उलटा करून ठेवला," ते म्हणाले. "आणि त्या आईला काय हवं होतं? पैसा हवा होता? औषध हवं होतं?"

इथे त्यांनी ठरवलेलं वाक्य होतं: तिला फक्त लेकाचा आवाज ऐकायचा होता. ते वाक्य जिभेवर आलं आणि त्यांना ते फिकं वाटलं. शेकडो वेळा ऐकलेलं. समोर एवढी माणसं ओंजळ पसरून बसली होती आणि या वाक्याने ती भरणार नव्हती. कोणत्या वाक्याने भरेल तेही त्यांना ठाऊक होतं. एक क्षण, पुरता एक क्षण त्यांच्या हातात होता.

"तिला एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले, "बाळा, तेल घातलंस का?"

आधी कुणीच हललं नाही. मग बेकरीवाल्याच्या तोंडून एक हुंदका फुटला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. वाढलेल्या दाढ्यांची धट्टीकट्टी माणसं लहान मुलांसारखी रडायला लागली. कारण तो प्रश्न त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला गेला होता, आणि प्रत्येकाने हसून "हो चाचा, घातलं" असं उत्तर दिलं होतं.

आणि मग माना वळल्या. हळूच, एकेक करून, मधल्या खांबाकडे. खांबाला टेकून मशीनवाला बसला होता. तो रडत नव्हता. समोरच्या गालिच्याकडे बघत होता, जणू तिथे काहीतरी बारीक पडलंय आणि ते नजरेआड होऊ द्यायचं नाही.

इमामसाहेब तिथे थांबू शकले असते. पण ते थांबले नाहीत. त्यांनी बयान पुरं केलं, अरबी खुतबा वाचला, आणि नमाजेला उभे राहिले. लहानपणापासून पाठ असलेल्या कुराणातल्या सूरतीत ते मध्येच अडखळले. मागून मुअज्जिनने पुढचा शब्द सांगितला तेव्हा गाडी पुढे सरकली.

नमाज संपल्यावर लोकांनी त्यांना वेढलं. कुणी हात धरला, कुणी हाताचं चुंबन घेतलं. सदरांनी तर मिठीच मारली. "याला म्हणतात बयान!" ते म्हणाले. "आता बघा पुढच्या जुम्म्याला. पाय ठेवायला जागा राहायची नाही." इमामसाहेब सगळ्यांच्या डोक्यांवरून खांबाकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं. आपण काय केलं ते त्यांना तेव्हाच पुरतं कळलेलं होतं. तरीही लोकांचे ते ओले डोळे बघून छातीत कुठेतरी ऊब वाटत होती. पुढे सगळ्यात जास्त लाज त्यांना त्या उबेची वाटली.

घरी बायको वाट बघत होती. ती जुम्म्याला मशिदीच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या खोलीत असे. तिथे भिंतीवरच्या स्पीकरमधून बयान ऐकू येई. तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

"अहो, आज मशीनवाल्याची बहीण उठून गेली. नमाजेच्या आधीच."

इमामसाहेबांच्या हातातला घास तसाच राहिला.

"आधी रडत होती. आम्ही सगळ्याच रडत होतो. मग तुम्ही ते तेलाचं बोललात आणि तिचं रडणं एकदम थांबलं. माझ्याकडे बघितलं तिने. असं बघितलं, जणू मीच काही केलंय. चप्पल हातात घेऊनच जिना उतरली." तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "ती गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली होती?"

"गोष्टच होती ती, अगं. लांबच्या शहरातली."

"गिरणीवाल्याच्या आईला तेलाचं काय पडलंय?" ती म्हणाली.

त्यांनी घास ताटात ठेवला. मग ती म्हणाली, "आता बायका माझ्याशी बोलताना दहा वेळा विचार करतील. इमामसाहेबांच्या घरात गेलं म्हणजे माइकवर गेलं." ताट तसंच उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीनवाल्याच्या दुकानी गेले. एक काळं, जुनं मशीन उघडून तो त्याच्या पोटात वाकला होता. त्यांना बघून उठून उभा राहिला. स्टूल पुढे केलं, फडक्याने पुसलं. हा आदरच इमामसाहेबांना जड गेला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बसा इमामसाहेब. चहा सांगू?"

"नको. मी... काल जे झालं त्याबद्दल आलोय."

"काय झालं? तुम्ही खरंच बोललात. खोटं काय होतं त्यात? आई तेवढी खोटी होती."

"मी तुला शब्द दिला होता."

मशीनवाला खाली बसला. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, पण तो नुसताच बोटांत फिरवत राहिला. "आपा काल थेट इथे आली, मी परतेपर्यंत थांबली. गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर विचारलं, खरं का? मी म्हटलं, खरं. ती म्हणाली, अब्बांनी शेवटचा फोन तुला केला होता हे मला स्पीकरमधून कळावं? एवढंच बोलली आणि गेली. आता माझा फोन उचलत नाही." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बघा, कसा न्याय झाला."

रात्री पडल्या पडल्या इमामसाहेबांनी जे ठरवलं होतं ते सांगून टाकलं. "मी पुढच्या जुम्म्याला मिंबरावरून माफी मागतो. सगळ्यांसमोर. ज्या जागेवरून चूक झाली त्याच जागेवरून."

"नको!" मशीनवाला इतक्या जोरात म्हणाला की समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. त्याने आवाज खाली आणला. "असं काही करू नका. ज्याला अजून कळलं नसेल त्यालाही कळेल. आणि कळलंय ते पक्कं होईल."

"मग मी काय करू? तू सांग. तू म्हणशील ते."

"मला काय माहीत? इमाम तुम्ही आहात." मग तो म्हणाला, "तुम्हाला हलकं व्हायचंय, इमामसाहेब. मला कळतं ते. मीही त्या दिवशी हलकं व्हायलाच आलो होतो तुमच्याकडे."

एक बाई शिवणयंत्राचा पट्टा घेऊन आली. मशीनवाला तिच्याशी बोलायला लागला आणि इमामसाहेब उठून निघाले.

संध्याकाळी ते बायकोला घेऊन त्याच्या बहिणीकडे गेले. बायको यायला तयार नव्हती. "तुमच्याबरोबर गेले तर मीही त्यात होते असं वाटेल," ती म्हणाली; मग स्वतःच ओढणी घेऊन पुढे निघाली. बहीण घरात मुलींचा शिवणवर्ग चालवत असे. वर्ग सुटला होता, जमिनीवर चिंध्या पडल्या होत्या. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः उभीच राहिली.

"भावावर राग धरू नका," इमामसाहेब म्हणाले. "दोष माझा आहे. तो तुम्हाला सांगणार होता. माझ्याजवळ तसं बोलला होता."

"वा," ती म्हणाली. "हेही तुमच्याकडूनच कळायचं होतं का मला? आधी आग लावायची, मग बंब घेऊन यायचं."

इमामसाहेबांची मान खाली गेली. समजूत घालायला आलो आणि त्याची आणखी एक गोष्ट बाहेर सांडून बसलो, हे त्यांना तिच्या तोंडून ऐकेपर्यंत उमगलंच नव्हतं.

ती चिंध्या गोळा करायला लागली. हाताला काम मिळाल्यावर तिचा आवाज जरा उतरला. "फोनचा राग नाही मला. मी काय प्रत्येक वेळी उचलत होते? जेवायला बसलं की फोन, डोळा लागला की फोन. मीही कितीदा वाजू दिलाय. मला राग याचा, की तो वर्षभर हे घेऊन फिरला आणि सांगावंसं वाटलं ते तुम्हाला. मी एका हाकेवर राहते. माझ्याकडे यायला त्याला पाय नव्हते का?" तिने चिंध्या पिशवीत कोंबल्या. "आणि सगळ्या बायका रडत होत्या ना, त्यांच्याबरोबर मीही रडत होते. कुणा परक्या मुलाची कीव करत. तेच मला सहन होत नाही."

परत येताना घराच्या कोपऱ्यावर बायको म्हणाली, "आता तुम्ही तिथे परत जाऊ नका. मी जाईन. मी गोष्टी सांगत नाही."

बाजारात आठवडाभर कुजबुज होती. कुणी मशीनवाल्याच्या बाजूने बोले, कुणी "बापाचा फोन नाही उचलत म्हणजे काय" असं म्हणे. एका सकाळी इमामसाहेब पाव घ्यायला उतरले तेव्हा बेकरीवाला दोन गिऱ्हाइकांना तेच सांगत होता. त्यांना बघून तो म्हणाला, "काय बोललात हो परवा! अजून काटा येतो अंगावर."

"ती गोष्ट मी सांगायला नको होती," इमामसाहेब म्हणाले. "ती माझी नव्हती, आणि ज्याची होती त्याला न विचारता सांगितली. कुणाची ते विचारू नका. बोलायचंच असेल तर माझ्याबद्दल बोला."

बेकरीवाल्याने पाव कागदात गुंडाळले आणि मान खाली घालून दिले. त्यानंतर ज्याने ज्याने विषय काढला त्या प्रत्येकाला इमामसाहेबांनी हेच सांगितलं, नळाच्या दुकानात, न्हाव्याकडे, रस्त्यात उभ्या उभ्या. काही जण गप्प झाले. काहींना त्यातही इमामसाहेबांचा मोठेपणाच दिसला, आणि त्याचा त्यांना फार त्रास झाला.

पुढचा जुम्मा आला. सदरांचं भाकीत खरं ठरलं: मशीद तुडुंब भरली, जिन्यातसुद्धा चटया पडल्या. डेपोजवळच्या मशिदीत जाणारी पोरंही परत आली होती. खांबापाशी मात्र दुसराच कुणी बसला होता.

इमामसाहेब मिंबरावर उभे राहिले आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे वाट बघत होते. विश्वासघातावर बोलावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण मग सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच खांबाकडे गेल्या असत्या. कुणाचंही नाव न घेता, मोघम माफी मागावी असंही क्षणभर वाटलं. त्याबरोबर ती माफी कशी सुरू करायची, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप उभं राहिलं. माफीसुद्धा चांगली रंगली असती. लोक रडले असते. हे लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "अल्लाह आपल्या सगळ्यांच्या चुका झाको."

एवढं बोलून ते बसले. अजान झाल्यावर त्यांनी अरबी खुतबा वाचला, नमाज पढवली. लोक गोंधळून एकमेकांकडे बघत जिना उतरले.

सदर थांबून राहिले होते. "हे काय इमामसाहेब? लग्नाला बोलावून उपाशी पाठवलंत की लोकांना!"

"यापुढे जुम्म्याचं बयान आणि खुतबा मी करणार नाही," इमामसाहेब म्हणाले. "पाच वेळची नमाज मी पढवीन, मुलांना शिकवीन. मिंबरासाठी दुसरं कुणी बघा. कमिटीला मी नको असलो तर तसंही सांगा."

"त्या मशीनवाल्यामुळे?" सदरांनी आवाज खाली आणला. "मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. लोक विसरतील हो. लोकांच्या लक्षात काय राहतं?"

"तो विसरेल?"

करवत पहिल्यांदाच मध्ये थांबली. मग सदरांनी इमामसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी कांद्याचं बोलला होतात, तेच बरं होतं. मीच तुमच्या मागे लागलो."

"तुम्ही बोला म्हणालात," इमामसाहेब म्हणाले. "काय बोलायचं ते माझ्या हातात होतं."

जुम्म्याचं काम एका निवृत्त शिक्षकांकडे गेलं. ते पाकीचे, शुद्धतेचे, नियम सांगत, पहिली रांग पेंगत असे, मागे मोबाइल उजळत. इमामसाहेब दुसऱ्या रांगेत बसून ऐकत, आणि आपणही असंच बोलत होतो, केवढी निरुपद्रवी गोष्ट त्या शुक्रवारी सोडून दिली असं त्यांच्या मनात येई.

मशीनवाला त्या मशिदीत पुन्हा आला नाही. इमामसाहेबांची बायको मधूनमधून त्याच्या बहिणीकडे जात असे. तिथे काय बोलणं होतं ते तिने घरी कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

हिवाळा संपत आला तेव्हा एका शुक्रवारी इमामसाहेब डेपोजवळच्या मशिदीत गेले. मशीनवाला तिथे जातो हे त्यांना माहीत होतं. भेटायचं असं ठरवलं नव्हतं. न भेटायचंही ठरवलं नव्हतं. मागच्या भिंतीपाशी ते बसले. तिथले खतीब, म्हणजे खुतबा देणारे, तरुण होते, बोलणं ओघवतं. त्यांनी एका मुलीची आणि तिच्या आजारी आईची गोष्ट सांगायला घेतली. आजूबाजूला लोक डोळे टिपायला लागले. इमामसाहेबांना मात्र रडू आलं नाही. गोष्ट जसजशी रंगत गेली तसतशी त्यांची नजर रांगांमधून फिरत राहिली, कोण गालिच्याकडे बघतंय ते शोधत.

नमाजेनंतर बाहेर चपलांच्या गर्दीत दोघं समोरासमोर आले.

"सलाम अलैकुम," इमामसाहेब म्हणाले.

"वालैकुम सलाम. तुम्ही इकडे?"

"ऐकायला आलो होतो."

"आवडलं?"

"नाही."

मशीनवाला हसला नाही, पण त्याचा चेहरा जरा सैल पडला. बुटाची लेस बांधायला तो खाली वाकला आणि वाकलेलाच बोलला, "आपा येऊन गेली परवा. पहिल्यापासून सगळं विचारलं तिने. मी सांगितलं."

"अल्हम्दुलिल्लाह, अल्लाहचे आभार," इमामसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही नका म्हणू ते." मशीनवाला सरळ उभा राहिला. आवाजात राग नव्हता. हिशेब नीट लावून घ्यावा तसा तो एकेक शब्द ठेवत होता. "लोक म्हणतात, बरं झालं, एकदाचं बाहेर पडलं. मला तसं वाटत नाही. मी तिला सांगणार होतो. उशीर लागला असता, पण सांगितलं असतं. ते माझं सांगणं होतं, इमामसाहेब. तुम्ही ते खर्च करून टाकलंत."

"हो," इमामसाहेब म्हणाले. मग न ठरवताच त्यांच्या तोंडून गेलं, "मला माफ करशील?"

मशीनवाल्याने विचार केला. खरोखरच केला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागून माणसं धक्के देत पायऱ्या उतरत होती आणि तो हलला नाही.

"अजून नाही होत," तो म्हणाला. "प्रयत्न करतो. पण विचारत राहू नका. झालं की मीच येऊन सांगेन."

"बरं."

त्याने मान हलवली आणि तो गर्दीत मिसळला. इमामसाहेब थोडा वेळ तिथेच, भिंतीला हात टेकून उभे राहिले. मग आपल्या चपला शोधून ते निघाले. असरच्या आत पोचायचं होतं; आपल्या मशिदीत नमाजेला जमात उभी राहायची होती आणि नमाज पढवायची त्यांनाच होती. रस्ताभर ते जरा भरभर चालले. मशीनवाल्याच्या दुकानावरून जवळची वाट होती, पण ते लांबच्या वाटेने गेले.